‘थकणे’ आणि ‘थकविणे’ : विलंब-आकार व त्याची माफी यांची परिभाषा

देण्याघेण्याच्या व्यवहारात मराठी भाषक दोन क्रियापदे वापरतो. ‘बिल थकले’ हे एक वाक्य आणि ‘बिल थकविले’ हे दुसरे. दोहोंतून निष्पन्न होणारी वस्तुस्थिती एकच, ती म्हणजे मुदतीत पैसे पोचले नाहीत. परंतु व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये एकमेकांपासून फार दूर आहेत. ‘थकणे’ हे अकर्मक क्रियापद असून ‘बिल थकले’ या वाक्याचा कर्ता बिल हाच होय. माणसाला या वाक्यात शिरावयाचे झाल्यास ‘त्याचे’ किंवा ‘त्याच्याकडे’ अशा आडवाटेने शिरावे लागते. उलट ‘थकविणे’ हे प्रयोजक रूप असल्याने ‘त्याने बिल थकविले’ असे म्हणताच तृतीयेतील कर्ता पुढे येतो आणि त्याच्या माथी हेतू येऊन बसतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून बड्या आस्थापनांनी कोट्यवधींचे कर ‘थकविले’ असे छापले जाते. चाळीतल्या विधवेचे बिल मात्र बोलणारा सहजगत्या ‘थकले’ असेच म्हणतो. हा भेद कोणी शिकविलेला नाही. तो भाषेच्या अंगी मुरलेला आहे.

मुदत टळल्यावर आकारल्या जाणाऱ्या जादा रकमेचा, आणि ती सोडून द्यावी की काय या वादाचा, सारा गुंता वस्तुतः या दोन वाक्यांत आहे. जादा रकमेचे समर्थन ‘थकविले’ या वाक्यावर उभे असते, तर माफीची मागणी ‘थकले’ या वाक्यावर. नियमांना मात्र या दोहोंतील फरक ओळखण्याचे साधन बहुधा दिलेले नसते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातील एका ग्रामीण पट्ट्याच्या संदर्भात, परिभाषेच्या अंगाने तपासावयाचा आहे.

शहापूर व मुरबाड ही तालुक्याची ठिकाणे आता नगरपंचायती आहेत. शहापूर तालुक्यातच, या दोन गावांमधील पट्ट्यात असलेले किन्हवली हे बाजाराचे व शाळा-महाविद्यालयाचे गाव ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली येते. भोवतालची शेती मुख्यतः पावसावरची भातशेती होय. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली अशा समाजांची वस्ती या परिसरात मोठी असून विशेषतः कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामास बाहेर पडतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा-सहा महिने ज्या घराला कुलूप त्या घरीही दरमहा विजेचे देयक येत राहते. त्यावर छापलेली मुदत ते घर उघडे आहे की नाही हे पाहत नाही. पाण्याविषयी तर या तालुक्याची स्थिती विचित्रच आहे. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण, मागाहूनचे मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी जलाशये याच परिसरातील आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर पाठवावे लागतात.

अशा ठिकाणच्या गृहस्थापुढे निदान दोन निरनिराळ्या संस्थांची मागणी येते, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी असते. वीज महावितरण कंपनीची. ही कंपनी विद्युत मंडळाच्या विभाजनातून २००५ साली अस्तित्वात आली. किन्हवलीचा पट्टा तिच्या कल्याण परिमंडलात मोडतो. तिच्या देयकावर एक रक्कम नसून तीन रकमा असतात : अमुक तारखेपूर्वी भरल्यास इतके, अंतिम तारखेपर्यंत भरल्यास इतके, आणि त्या तारखेनंतर भरल्यास इतके. पहिली रक्कम तत्पर भरण्याच्या सवलतीची. देयकाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरणारास एक टक्का सूट मिळते. तिसऱ्या रकमेत सव्वा टक्का विलंब आकार मिळविलेला असतो. याहून अधिक काळ लोटला, म्हणजे साठ दिवसांनंतर, थकबाकीवर द.सा.द.शे. १२ आणि नव्वद दिवसांनंतर १५ या दराने व्याज लागू होते. हे दर कंपनी स्वतः ठरवीत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांनी ठरतात. पुरवठा तोडण्याचा अधिकार विद्युत अधिनियम, २००३ च्या ५६ व्या कलमातून येतो व त्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

घरपट्टी व पाणीपट्टी यांचा मामला निराळा. ग्रामपंचायतीची करआकारणी १९५८ च्या अधिनियमाखाली व १९६० च्या कर व फी नियमांखाली चालते. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरणारास ५ टक्के सूट आणि वर्ष उलटूनही न भरणारास ५ टक्के दंड, अशी तिची सरळ, जवळजवळ घरगुती म्हणावी अशी योजना आहे. नगरपंचायतीची हद्द लागली की भाषा एकदम कडक होते. नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी यांच्या १९६५ च्या अधिनियमानुसार मालमत्ता कराच्या थकीत रकमेवर दरमहा २ टक्के ‘शास्ती’ लागते. हजार रुपयांवर महिन्याला वीस रुपये. पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षे व दोन महिन्यांत, शास्ती मुद्दलाइतकी होते. वीज देयकावरील १५ टक्क्यांच्या व्याजाला तेवढीच मजल गाठण्यास सुमारे सहा वर्षे आठ महिने लागतात. किन्हवलीतील घरमालकाने शहापुरात एखादी खोली घेतली, की थोड्याशाच अंतरावर तोच विलंब त्याला निराळ्या नावाने व निराळ्या वेगाने महाग पडू लागतो.

आता या नावांकडे पाहावे. दंड, शास्ती, आकार, व्याज हे चार शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी येतात, तथापि ते एका कुळातले नव्हेत. ‘दंड’ म्हणजे मुळात काठी. राजसत्तेच्या हातातील काठीवरून तो शिक्षेचा व मागाहून पैशांच्या शिक्षेचा वाचक झाला. ‘शास्ती’ हा ‘शास्’ या धातूपासून निघालेला. शासन, शास्त्र आणि शिष्य हे त्याचे सगोत्र. मराठीत ‘शासन’ या एकाच शब्दाने सरकारही सूचित होते व शिक्षाही (‘अपराध्यास शासन झालेच पाहिजे’), ही गोष्ट करवसुलीच्या संदर्भात अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाल्यानंतर राज्यव्यवहाराची परिभाषा घडविताना अशा संस्कृतोद्भव शब्दांना पसंती मिळाली आणि फौजदारी शिक्षेहून वेगळ्या अशा वैधानिक भुर्दंडासाठी ‘शास्ती’ स्थिर झाला. सामान्य माणसाच्या कानाला मात्र तो ‘दंड’ या शब्दाहून अधिक भारदस्त व म्हणून अधिक भीतिप्रद वाटतो. परिभाषाकारांच्या मनात तसा उद्देश होता असे मानण्याचे कारण नाही.

‘आकार’ हा शब्द याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. सातबाराच्या उताऱ्यावर ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसविलेला सारा. ‘आकारणी’ ही त्याच कुटुंबातली. त्यात अपराधाचा वास नाही. मोजमाप व किंमत एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा वीज कंपनी उशीर करणारास शिक्षा करीत नाही, उशिराची किंमत सांगते, असे तिची परिभाषा म्हणते. ‘व्याज’ या शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ बहाणा, कपट असा. व्याजस्तुती हा अलंकार त्यावरूनच ओळखला जातो. जुन्या मराठीत उसन्या पैशावरील वाढीला ‘कळंतर’ असेही म्हणत. तो शब्द मागे पडला आणि बहाण्याचा वाचक शब्द सावकाराच्या वहीत कायम झाला.

शिक्षा आणि किंमत यांतील हा भेद कायद्यालाही ठाऊक आहे. इंग्रजी न्यायालयांनी कराराच्या भंगासाठी ठरविलेली रक्कम नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे की केवळ धाक आहे, याचा पुष्कळ कीस पाडला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ७४ व्या कलमाने तो वाद बव्हंशी बाजूस सारून, करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल, असा मार्ग काढला. कराची शास्ती कराराने नव्हे तर विधिमंडळाच्या कायद्याने येत असल्यामुळे ही वाजवीपणाची कसोटी तिला लागत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी याच भेदाची दुसरी बाजू दाखविली आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इझरायलमधील हैफा शहरातील काही बालकमंदिरांत मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांवर दंड बसविण्यात आला, तेव्हा उशीर कमी न होता वाढला. पालकांनी दंडाला किंमत मानली व ती चुकती करून ते निश्चिंत झाले. नावात ‘शास्ती’ असून माणसाने तिला ‘आकार’ समजावे, आणि नावात ‘आकार’ असून गरिबाला ती शास्ती वाटावी, हे दोन्ही प्रकार संभवतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या दृष्टीने सव्वा टक्का ही उशिराची फार माफक किंमत होय. ज्याच्या खिशात नाहीत त्याला ती किंमत म्हणून पारखण्याची संधीच नसते.

येथे थोडे मागे वळून पाहणे उद्बोधक ठरेल. मराठेकालीन वसुलीत उशीर करणाऱ्यावर टक्केवारीने वाढणारी रक्कम बसविण्यापेक्षा माणूस बसविण्याची रीत अधिक प्रचलित होती. सरकारातून निघालेला ‘मोहसल’ कुळाच्या दारी येऊन ठाण मांडी व त्याच्या पोटाचा रोजचा खर्च कुळावर पडे. बोलावणे घेऊन येणाऱ्या शिपायाच्या मजुरीस ‘मसाला’ म्हणत. ही पद्धत जाचक होती यात संशय नाही. परंतु तिच्या परिभाषेत एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही की जादा खर्च हा वसुलीच्या प्रत्यक्ष खर्चाशी निगडित होता, आणि तगादा करणाऱ्याला कुळाचे घर डोळ्यांनी पाहावे लागे. चुलीवर काय शिजते आहे हे मोहसलास दिसत असे. टक्केवारीला डोळे नसतात. दुसरीकडे, धर्मशास्त्रातून आलेल्या व मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केलेल्या ‘दामदुप्पट’ तत्त्वानुसार कोणत्याही एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. हा नियम खाजगी कर्जापुरता होता. सरकारी येण्याला त्याचे बंधन नाही. म्हणून पन्नास महिन्यांनंतर सावकार जेथे थांबला असता तेथे नगरपंचायतीची शास्ती थांबत नाही.

सवलतीचे शब्द तर याहून अधिक आहेत. ‘सूट’ हा ‘सुटणे’ या क्रियेतून आलेला देशी शब्द. ‘माफी’ आणि ‘सवलत’ हे अरबी मुळाचे. पैकी ‘सवलत’ मूळच्या ‘सुहूलत’ म्हणजे सुलभता या शब्दापासून आला, आणि अजूनही त्याच्या अर्थात क्षमेचा अंश नाही. देणे पुढे ढकलणे म्हणजे ‘तहकुबी’; ती कायमची सोडणे म्हणजे ‘सूट’. महसुली भाषेत हे दोन शब्द जोडीने येतात, परंतु त्यांत गल्लत केलेली चालत नाही. हिशेबनिसाच्या भाषेत बुडीत रक्कम पुस्तकातून काढून टाकणे म्हणजे ‘निर्लेखन’. निर्लेखन ही वहीतील क्रिया आहे. देणेकऱ्यास ती कळविलीच पाहिजे असे नाही. माफी मात्र उच्चारावी लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ज्यांना भाषिक कृती म्हटले आहे त्यांचे हे उत्तम उदाहरण होय. ‘माफ केले’ हे वाक्य घडलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाही, ते उच्चारल्यानेच गोष्ट घडते. अर्थात उच्चारणारास तसा अधिकार असावा लागतो, आणि नगरपंचायतींचे घोडे दीर्घकाळ तेथेच अडले होते, हे पुढे येईलच.

या साऱ्या शब्दांच्या डोक्यावर गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे ‘अभय’. नवा म्हणजे या उपयोगापुरता नवा. अभयदान, अभयमुद्रा, अभयपत्र ही त्याची जुनी भावंडे. उजाड झालेल्या गावी रयतेने परत यावे म्हणून सरकार ‘कौल’ देई, आणि पहिल्या वर्षी थोडा व पुढे चढत जाणारा सारा ठरवून देई, त्यास ‘इस्तावा’ म्हणत. भिऊन पळालेल्या कुळाला धीर देण्याची ती भाषा होती. आजच्या ‘अभय योजने’त तिचा पुसट प्रतिध्वनी आहे. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्द ग्रीक मुळाचा असून त्याचा धात्वर्थ ‘विसरणे’ असा आहे : राज्य अपराध विसरते. मराठी शब्दात राज्य काहीच विसरत नाही. भय तेवढे काढून घेते. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. अभय देणारा नेहमी वरचा असतो, आणि ज्याला अभय दिले तो भ्यालेला होता, म्हणजे त्याने काही भिण्याजोगे केले होते, हे गृहीत धरले जाते. थोडक्यात, ‘अभय’ हा शब्द ‘थकविले’ या वाक्याचा स्वीकार करून मग उदार होतो. ‘थकले’ म्हणणाऱ्याला त्याच्या कोशात जागा नाही.

अलीकडच्या योजनांची कलमे पाहिली म्हणजे हे प्रत्यक्ष दिसते. मार्च २०२२ मध्ये वीज ग्राहकांसाठी ‘विलासराव देशमुख अभय योजना’ जाहीर झाली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून महावितरणने पुन्हा ‘अभय योजना’ आणली. ती मुदतवाढी घेत ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली. दोहोंचा सांगाडा सारखाच होता. मुद्दल भरणारास व्याज व विलंब आकार पूर्ण माफ, आणि एकरकमी भरणाऱ्या लघुदाब ग्राहकास मुद्दलातही १० टक्के सूट. हप्त्यांनी भरावयाचे असल्यास दुसऱ्या योजनेत ३० टक्के आधी व उरलेले सहा हप्त्यांत, अशी सोय होती. योजना उदार होत्या हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या होत्या कोणासाठी? ज्यांचा पुरवठा ‘कायमस्वरूपी खंडित’ झाला आहे अशांसाठी. उसनवार करून, दागिना गहाण टाकून ज्याने तीन महिन्यांचे बिल विलंब आकारासह भरले व तार तुटू दिली नाही, त्याला अभयाचा स्पर्शही नाही. एकरकमी भरण्यास अधिक सूट, ही अटदेखील व्यापारी दृष्टीने समजण्याजोगी असली तरी तिचा लाभ ज्याच्याजवळ रक्कम आहे त्यालाच व्हावयाचा. बृहन्मुंबई महानगरपालिकेनेही २०२० साली जलदेयकांवर दरमहा लागणाऱ्या २ टक्के अतिरिक्त आकाराच्या माफीसाठी ‘अभय योजना’ हेच नाव घेतले. तानसाचे पाणी शंभर किलोमीटरच्या आत दोन परिभाषांतून वाहते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही : शहरात त्याच्या उशिरा भरलेल्या देयकाला अभय मिळते, उगमाजवळ त्याच्या टँकरची खेप मोजली जाते.

नगरपंचायतींपुरता प्रश्न अधिकाराचा होता. शास्ती कायद्याने लावलेली. ती सोडण्याची तरतूद त्याच कायद्यात नसेल, तर सभेने कितीही एकमताने ठराव केला तरी तो ‘शिफारस करण्यात यावी’ या क्रियापदापलीकडे जाऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १९६५ च्या अधिनियमात सुधारणा करून मालमत्ता करावरील शास्तीच्या माफीसाठी अभय योजना आणण्यास मान्यता दिली, ती या कारणास्तव. शहापूर व मुरबाड येथील सभागृहांना या विषयावर नुसती विनंती करण्याऐवजी काही ठरविण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

‘थकले’ आणि ‘थकविले’ यांत भेद करणारी परिभाषा राज्यकारभारात कधी नव्हतीच, असा मात्र ग्रह करून घेणे चुकीचे ठरेल. महसुलाच्या तहकुबीचा व सुटीचा नियम या भेदावरच उभा आहे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात वाद झाला तो पीक चार आण्यांहून कमी आले की अधिक, यावर; कमी आले असल्यास साऱ्याची तहकुबी देय होती. कुळाचा हेतू काय, हा प्रश्नच त्यात नव्हता. शेताची स्थिती काय, एवढाच होता. त्याहीपूर्वी, १८९६-९७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळविषयक सरकारी नियम मराठीत सांगण्याची मोहीम चालविली. तिचे प्रतिनिधी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतही हिंडले. पीक बुडाले असता साऱ्यात सूट मागता येते, ही गोष्ट इंग्रजी पुस्तकात छापलेली होती, परंतु रयतेच्या भाषेत ती आल्याबरोबर ‘मेहेरबानी’चा ‘हक्क’ झाला. सरकारला हे भाषांतर मानवले नाही व १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. परिभाषेच्या अभ्यासकाने या प्रसंगाची नोंद आवर्जून ठेवावी. शब्दांचे रूपांतर एवढे महाग क्वचितच पडले असेल.

आणेवारीची पैसेवारी झाली तरी हे सूत्र टिकून आहे. दुष्काळ जाहीर झाल्यावर शासन ज्या सवलती लागू करते त्यांची यादी भाषेच्या दृष्टीने वाचण्यासारखी असते : जमीन महसुलात ‘सूट’, सहकारी कर्जाचे ‘पुनर्गठन’, शेतीकर्जाच्या वसुलीस ‘स्थगिती’, कृषिपंपांच्या चालू वीज देयकात ३३.५ टक्के ‘सूट’, परीक्षा शुल्काची ‘माफी’, रोजगार हमीच्या निकषांत ‘शिथिलता’, आणि टंचाईग्रस्त गावांत शेतीपंपांची जोडणी ‘खंडित न करणे’. इतक्या निरनिराळ्या क्रियांसाठी इतके निरनिराळे शब्द, आणि त्यांत ‘अभय’ कोठेही नाही. कारण उघड आहे. पाऊस पडला नाही, हा कोणाचाही गुन्हा नव्हे.

घरगुती वीज देयकांच्या बाबतीत हे सूत्र लावण्याची वेळ २०२० साली आली होती. टाळेबंदीमुळे मार्चपासून मीटरवाचन थांबले, सरासरीची देयके निघाली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनानंतर कित्येक महिन्यांची एकत्र देयके लोकांच्या हाती पडली. रोजगार बुडाला होता, कारण सर्वांना ठाऊक होते, आणि ते कोणाच्याही हेतूचे फळ नव्हते. ‘थकले’ या वाक्याला याहून निर्विवाद पुरावा कोणता हवा? महावितरणने तीन हप्त्यांची सोय आणि एकरकमी भरणारास २ टक्के सवलत दिली. राज्य शासनाकडून देयकांत थेट दिलासा मिळण्याची आशा पुष्कळ दिवस दाखविण्यात आली. नोव्हेंबरमध्ये तसा दिलासा देता येणार नाही असे सांगण्यात आले. परदेशांत, विशेषतः अमेरिकेतील अनेक शहरांत, त्याच काळी नगरसभांनी पाण्याची जोडणी तोडणे व विलंब शुल्क आकारणे काही मुदतीपुरते थांबविले. तेथे शब्द होता ‘थांबविणे’, म्हणजे आपला ‘तहकुबी’. मराठीत हा शब्द शतकानुशतके तयार असूनही घरगुती देयकांच्या प्रसंगी कोणालाही आठवला नाही, हे परिभाषेचे दारिद्र्य नव्हे, स्मरणाचे होय.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत २०२५ च्या उत्तरार्धात वेगळी घडामोड झाली. ‘मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियाना’च्या निमित्ताने, निवासी मालमत्तांच्या जुन्या कर-थकबाकीत, उरलेली रक्कम व चालू कर भरल्यास, ५० टक्के सवलत देण्याची मुभा शासनाने दिली आणि ती द्यावी की नाही हे ग्रामसभेवर सोपविले. येथे शब्द ‘अभय’ नसून ‘सवलत’ आहे, व ती केवळ दंडात नसून प्रत्यक्ष करात आहे. म्हणजे नगरपंचायतीच्या योजनेहून ती एक पायरी पुढे जाते. अशा विषयावर ग्रामसभेत एक आक्षेप हमखास उठतो : ज्यांनी दरवर्षी वेळेवर भरले त्यांनी काय पाप केले? या आक्षेपास हसण्यावारी नेता येत नाही. पाच टक्क्यांची सूट मिळावी म्हणून सप्टेंबरपूर्वी भाताच्या पैशाची वाट न पाहता घरपट्टी भरणारा मनुष्य, आणि ऐपत असून पाच वर्षे न भरणारा मनुष्य, यांत दुसऱ्याला दहापट सूट मिळाली तर पहिल्याचा नियमावरील विश्वास डळमळतो. परंतु हा आक्षेप ज्याच्याविरुद्ध आहे तो ‘थकविणारा’ होय. भट्टीवरून परतलेल्या कुटुंबाचे थकलेले सोडून द्यावयास तोच आक्षेपक बहुधा हरकत घेत नाही, आणि एकाच सभेत तो दोन्ही क्रियापदे, नकळत पण अचूक, वापरतो. सरसकट टक्केवारी ही आक्षेपकाच्या व्याकरणापेक्षा ढोबळ असते.

उशीर दुसऱ्या बाजूनेही होतो. खंडित झालेला पुरवठा कंपनीने विहित वेळेत पूर्ववत केला नाही, तर ग्राहकास पैसे मिळण्याची तरतूद नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांविषयीच्या विनियमांत आहे. तिला नाव आहे ‘भरपाई’. ग्राहकाच्या उशिराला आकार, व्याज वा शास्ती. कंपनीच्या उशिराला भरपाई. पहिल्या शब्दांत उशीर करणारा दिसतो, दुसऱ्यात केवळ भरून काढावयाची खळगी दिसते. पहिली रक्कम आपोआप देयकात येते; दुसरी पुष्कळ काळ मागूनच घ्यावी लागे. नोटिशीतील ‘पुरवठा खंडित करण्यात येईल’ हे कर्मणी वाक्यही असेच बिनकर्त्याचे असते : खंडित कोण करणार, ते त्यात नाही.

आता राहिला प्रश्न भेद नोंदविण्याचा. ग्रामपंचायतीत कराच्या मागणीची नोंदवही ‘नमुना ९’ या नावाने ठेवली जाते. तिच्यात मागील बाकी, चालू मागणी, एकूण व वसुली यांचे रकाने आहेत. थकण्याचे कारण लिहिण्यासाठी रकाना नाही. वीज कंपनीच्या संगणकातही थकबाकीदाराच्या नावापुढे रक्कम, तारीख आणि पुरवठ्याची स्थिती एवढेच उमटते. पैसेवारी ठरविताना तलाठी निदान शेतात जाऊन पीककापणीचा प्रयोग पाहतो व काय दिसले ते लिहितो. किन्हवलीसारख्या गावी कोणते घर दिवाळीपासून बंद आहे, कोणाचा कर्ता पुरुष गेला आणि कोणाच्या दारात नवी मोटार उभी आहे, हे ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. इतिवृत्तात ते लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.